सिपीएम सिम्युलेट करायचाय? जिआंट-4 जरा थांबू दे

प्रोजेक्टमध्ये सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) टिपणारा आपला सिपीएम सेन्सर, आला की सगळे पहिल्याच दिवशी जिआंट-4, म्हणजे कणांच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, उघडून बसतात, मीपण बसलो होतो. नका बसू. जिआंटने फोटॉन सेन्सरच्या तोंडाशी आणून सोडायचा, पुढे सेन्सरच्या पोटात काय होतं ते पायथॉनमध्ये वेगळं लिहा, तीसेक ओळींत होतं.

समजा 3 बाय 3 मिमीचा सेन्सर, त्यावरचे फोटॉन टिपणारे छोटे चौकोन, म्हणजे सेल, 50 मायक्रॉनचे, म्हणजे 60 गुणिले 60, 3600 सेल. पीडीई, म्हणजे आलेला फोटॉन टिपला जायची शक्यता, 40 टक्के. एका झटक्यात 5000 फोटॉन आले तर 2000 सेल फायर व्हायला हवेत ना? नाही होत, कारण एकाच सेलवर दोन-तीन फोटॉन पडले तरी सिग्नल एकाचाच. म्हणून प्रत्येक फोटॉनला रँडम नंबर द्या, 0.4 च्या खाली आला तरच ठेवा, ठेवलेल्याला 3600 पैकी कुठलातरी सेल द्या आणि शेवटी वेगवेगळे सेल किती ते मोजा. 1534 च्या आसपास आलं पाहिजे, नाही आलं तर पुढे जाऊच नका.

मग डार्क काउंट, म्हणजे उजेड नसतानाही आपोआप फायर होणारे सेल: रेट 1 मेगाहर्ट्झ आणि गेट (मोजायचा वेळ) 200 नॅनोसेकंद असेल तर सरासरी 0.2, पॉइसन वितरणाने रँडम आकडा काढून टाका. क्रॉसटॉक, म्हणजे एका सेलमुळे शेजारचा सेल फायर व्हायची शक्यता, 5 टक्के धरा, पण असा शेजारी फायर झालेला सेल त्याच्या शेजाऱ्यालाही उडवू शकतो, तेवढं लूपमध्ये घ्या. हे सगळे आकडे एकाच ओव्हरव्होल्टेजचे (ब्रेकडाउनच्या वर दिलेलं जादा व्होल्टेज) हवेत बरं का, पीडीई एकीकडची नि डार्क काउंट दुसरीकडचा असला कारभार नको. मॅग्नेटिक फील्डची काळजी सेन्सरपुरती तरी करू नका, सर्नच्या सीएमएस प्रयोगातल्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलोरीमीटरमध्ये (मुंबईच्या आपल्या टीआयएफआर संस्थेचा मोठा हात आहे त्यात) फील्डमध्ये त्रास देणारे जुने एचपीडी (हायब्रिड फोटोडायोड) काढून सिपीएमच बसवलेत.

आता जिआंट उघडा. हवेला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स 1.0 द्याच, नाही दिला तर फोटॉन सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) कडेलाच मरतो आणि एरर वगैरे काही येत नाही, माझे दोन आठवडे असेच गेले, मी आपला सिंटिलेटरभोवतीच्या रॅपिंगच्या रिफ्लेक्टिव्हिटीला शिव्या घालत बसलो. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स वगैरेच्या टेबलमध्ये फोटॉनची एनर्जी लागते, नॅनोमीटर नाही: 1240 ला वेव्हलेंग्थने भागा, 420 नॅनोमीटरचे 2.95 इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि सेन्सरच्या सर्फेसला एफिशियन्सी 1 ठेवा. तिथे 0.4 दिलं आणि पायथॉनमध्येही 0.4, की पीडीई झाली 16 टक्के, आणि प्लॉट बघून काहीच कळत नाही.