बेण्याचा बटाटा ढिगातून नको, उभ्या पिकातून निवडा

काढणी झाली की ढिगातले बारीक बटाटे बेण्याला ठेवायची आपली सवय. पण विषाणू लागलेल्या झाडाला बटाटे बारीक धरतात, म्हणजे आपण बरेचदा रोगटच जपतो! पाला वाळल्यावर तर चांगलं-वाईट झाड ओळखताच येत नाही.

१. पीक ४५-५० दिवसांचं, हिरवंगार असताना फिरा. पानं न आकसलेल्या, न पिवळटलेल्या जोमदार झाडाशेजारी काठी रोवा. रंगीत चिंधी बांधली तर लांबूनही दिसते. लागतील त्यापेक्षा जास्त झाडं धरा, पुढे काही गळतातच.

२. काढणीआधी १०-१५ दिवस पाणी तोडून पाला कापा. साल पक्की होते.

३. काठीची झाडं आधी आणि हातानं काढा. झाडाखाली भरपूर, सारखे बटाटे असतील तरच घ्या. कोंबडीच्या अंड्याएवढे उत्तम.

४. सावलीत, हवेशीर, मंद उजेडात एकच थर पसरा. हिरवे पडले तरी बेण्याला चालतात, खायला मात्र नाही.

हिरवं झाड अचानक मलूल होऊन मेलं आणि कापलेल्या बटाट्यात तपकिरी कडं दिसलं, तर त्या वावरातलं एकही बेणं ठेवू नका.