बोटीचं इंजिन बंद पडलं? दोरी ओढण्याआधी या चुका टाळा

मी इंजिन मेकॅनिक. बंद पडलेलं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘बंद पडल्यावर दोरी किती वेळा ओढली?’ उत्तर बहुतेक वेळा ‘दोन-चार वेळा’ असं येतं. तळहातावरचे फोड मात्र वेगळाच आकडा सांगतात. खरं सांगा, मी रागावत नाही. त्या आकड्यावरून मला कळतं की इंजिन नुसतं बिघडलंय की हाताने मोडलंय.

माझं वर्षातलं निम्मं काम द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचं. उरलेल्या वेळात नाशिकजवळच्या गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांवरच्या बोटींची इंजिनं येतात आणि पावसाळ्यात गोदाकाठची. चुका वर्षानुवर्षं त्याच.

सगळ्यात महाग चूक म्हणजे बुडालेलं इंजिन उन्हात वाळवणं. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. पंचवटीत नदीकाठचा दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून नाशिककर पुराची उंची मोजतात, तो बुडाला आणि खाली निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीत घराघरांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर एका मासेमाराची बोट बाभळीत अडकलेली सापडली, मागे 25 एचपीचं फोर स्ट्रोक इंजिन तसंच लटकलेलं. त्याच्या मुलाने ते उतरवून घरी नेलं, वरून स्वच्छ धुतलं आणि चार दिवस अंगणात उन्हात ठेवलं. भिजलेली वस्तू वाळवावी, हा त्याचा हिशोब. पाचव्या दिवशी बॅटरी जोडून बटण दाबलं. ‘खट्’ असा एकच आवाज आला. त्याने पुन्हा दाबलं.

टेम्पोतून इंजिन माझ्याकडे आलं तेव्हा तो म्हणाला, ‘दादा, फक्त स्टार्टर जाम झालाय.’ मी प्लग काढले तर एका सिलिंडरमधून गाळाचं पाणी आलं. उघडल्यावर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकलेला दिसला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला जायला जागा नसते आणि मग रॉडच वाकतो. दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढला होता, क्रँकची बेअरिंगं खरखरत होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं, ‘पहिल्याच दिवशी आणलं असतं तर?’ मी खरं तेच सांगितलं. ऑइल, प्लग आणि एक दिवसाची मजुरी एवढ्यात भागलं असतं. ते बराच वेळ बाकावर बसून होते. त्या घराचा हंगाम त्या इंजिनावर होता. म्हणून हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

गंज पाण्यात चढतो त्यापेक्षा पाणी आणि हवा एकत्र भेटल्यावर झपाट्याने चढतो. बुडालेलं इंजिन बाहेर काढलं की घड्याळ सुरू झालं असं समजा, तुमच्या हातात काही तास आहेत. तेवढ्यात मेकॅनिक मिळणार नसेल तर इंजिन स्वच्छ पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. लोकांना हे वेड्यासारखं वाटतं, पण उन्हापेक्षा पिंप बरं.

काम करायला घेतलं की माझा क्रम असा. आधी बाहेरचा आणि कार्बोरेटरमधला गाळ गोड्या पाण्याने धुवायचा. किल स्विच म्हणजे इंजिन झटक्यात बंद करणारा स्विच, त्याची क्लिप काढायची, म्हणजे ठिणगी पडून पेट्रोलची वाफ पेटायला नको. सगळे प्लग काढायचे, इंजिन आडवं करून प्लगची भोकं खाली येतील असं ठेवायचं आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या वरचं जड चाक, हाताने सावकाश फिरवायचं. कुठे अडलं किंवा आत वाळू कुरकुरली तर तिथेच हात थांबवा, ते इंजिन उघडावंच लागेल. मोकळं फिरत असेल तर सगळं पाणी बाहेर येऊ द्या, मग प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवा. फोर स्ट्रोक असेल तर इंजिनातलं खालचं ऑइल काढून नवं भरा. ते चहासारखं दुधाळ झालं की पुन्हा बदला. मी तीन वेळा बदलतो. तिसऱ्या वेळी लोक पैशांची कुरकुर करतात, मी ऐकत नाही. वायरिंग वाळलं, कार्बोरेटर साफ झाला की मगच चालू करायचं, आणि चालू झालं म्हणून लगेच बंद करायचं नाही. अर्धा-पाऊण तास पाण्यात चालवलं तर आतली ओल निघून जाते.

दुसरी चूक छोटी दिसते, पण माझ्या कपाटातले निम्मे तुटके गिअर तिच्यामुळे आले आहेत. लहान इंजिनांच्या पंख्याला, म्हणजे पाण्यात फिरणाऱ्या प्रोपेलरला, एक पिन असते, शिअर पिन. पंखा दगडावर आपटला की ती तुटते. ती तुटण्यासाठीच बसवलेली असते. तिने स्वतः तुटायचं आणि गिअर वाचवायचे, घरातल्या फ्यूजसारखं. आता चांदोरीजवळ गोदावरीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत. खालच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचं पाणी सोडलं की ती उघडी पडतात, एरवी पाण्याखाली असतात. पाणी अर्धवट उतरलेलं असताना तिथून बोट हाणणाऱ्याची पिन तुटणारच. मग बोटीत दुसरी पिन नसते. कोणीतरी लोखंडी खिळा ठोकतो, एकाने तर तुटक्या ड्रिलचा तुकडा ठोकला होता. त्या दिवशी तो घरी पोहोचला आणि मित्रांना जुगाड कौतुकाने सांगत राहिला. पुढच्या दगडाला पिन तुटली नाही, खालच्या गिअरचे दात गेले. ज्या जुगाडाने आजचा दिवस भागतो त्याची किंमत पुढच्या महिन्यात येते, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता मी दोन पिना आणि एक स्प्लिट पिन पिशवीत घालून सरळ हँडललाच बांधून देतो. अगदी स्वस्त वस्तू आहे.

मोठ्या इंजिनांत पिन नसते, पंख्याच्या मधोमध रबरी हब असतो, तो पंखा आतल्या धातूच्या बुशवर धरून ठेवतो. इंजिन जोरात घोंगावतंय आणि बोट हलत नाही, तर गिअरबॉक्स उघडण्याआधी हब पाहा. मी मधल्या बुशवरून पंख्यावर अशी ऑइल पेंटची एक रेघ मारतो. बोट चालवून आणल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर नसतील तर हब घसरतोय.

अंगणात इंजिन कोरडं चालवून दाखवणाऱ्यांनाही हात जोडतो. ‘एकच मिनिट, चालतंय का बघतो.’ इंजिन थंड ठेवणारा आतला पाण्याचा पंप रबरी इम्पेलरवर, म्हणजे पात्यांच्या चाकावर, चालतो आणि त्या रबराला वंगण म्हणून पाणीच असतं. कोरडं फिरलं की पाती भाजून तुटतात, मग भर पाण्यात इंजिन तापतं. पिंप भरून खालचा भाग त्यात बुडवा, मग करा चालू. मागून पाण्याची धार येते का, हे रोज पाहायचं. धार बारीक झाली की आधी जाळीत पानवेली अडकलीय का बघा, नदीवर निम्म्या वेळा तेच असतं. नवा इम्पेलर बसवताना जुन्याची पाती मोजा. एखादा तुकडा कमी भरला तर तो आत पाण्याच्या वाटेत कुठेतरी बसलेला असतो आणि नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापणारच.

पेट्रोलबद्दल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तकांत मर्यादा 10 टक्क्यांची लिहिलेली आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, जुन्या रबरी नळ्या खातं. आपल्याला निवड नाही, म्हणून मी आठवड्यापुरतंच पेट्रोल आणायला सांगतो. इंजिन आठ-दहा दिवस उभं राहणार असेल तर पिंपात चालू ठेवून पेट्रोलची नळी काढा, कार्बोरेटर रिकामा होऊन ते आपोआप बंद पडेल. एवढं केलं तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, चिकटत नाही. चिकटलाच तर तारेने टोचू नका. पितळेचं भोक आहे, एकदा मोठं झालं की झालं. स्प्रे मारा, हवा मारा.

टू स्ट्रोकमध्ये ऑइल अंदाजाने ओतू नका. 50 ला 1 लिहिलं असेल तर एका लिटरला 20 मिली, मापाने. ऑइल पाण्यावरच्या इंजिनाचंच हवं, डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू 3’ पाहून घ्या. स्कूटरचं नको.

पाच-दहा मिनिटं चालून बंद पडतंय? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा राहिला असेल तर हमखास तेच.

अजिबात चालू होत नाही? किल स्विचची क्लिप पाहा. मुकण्यावरून एकजण इंजिन गाडीत टाकून माझ्यापर्यंत आला होता, फक्त क्लिप नव्हती म्हणून.

गिअर ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा राहते. ऑइल दुधाळ दिसलं तर पंखा काढून शाफ्ट पाहा. तिथे जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, गुंडाळलेला असतो आणि त्याने सील कापलेलं असतं. नुसतं ऑइल बदलून परत पाण्यात जाल तर पंधरा दिवसांत पुन्हा दुधाळ. मासेमारीच्या बोटींचा पंखा मी दर महिन्याला काढायला लावतो, दहा मिनिटांचं काम आहे. काढताना वॉशर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.