झडप सगळ्यात शेवटी बसवा

हृदयाच्या कृत्रिम झडपांवर काम करायचंय म्हणून येणारी मुलं बहुतेक वेळा आधी सिम्युलेशनची रंगीत चित्रं दाखवतात. मी त्यांना नळ्या आणि पंपापाशी उभं करते, जिथे पंप हृदयासारखा द्रव ढकलतो आणि झडप तपासता येते. इथे हात बसला की त्या चित्रांतलं काय खरं, काय खोटं ते दिसू लागतं.

रक्ताऐवजी पाणी आणि ग्लिसरीन वापरा. आकारमानाने 36 ते 40 टक्के ग्लिसरीन घेतलं की चिकटपणा रक्ताच्या जवळ जातो, पण प्रमाणावर विसंबू नका. तापमान बदललं की तोही बदलतो, म्हणून रोज सकाळी व्हिस्कोमीटरवर मोजा. या द्रवात पेशी नसतात, त्यामुळे गुठळ्यांबद्दल तो काहीच सांगू शकत नाही.

महाधमनीच्या लवचीकतेसाठी बंद भांड्यात द्रवावर हवेचा थर ठेवा, पुढे नळीला चिमटा लावा. चिमट्याने सरासरी दाब जुळतो, हवेने वरच्या-खालच्या दाबातलं अंतर. मिनिटाला 70 ठोके, 5 लिटर प्रवाह, सरासरी 100 मिमी पारा: इथून सुरुवात करा.

आता दाब मोजणारे ट्रान्सड्यूसर. इथे घाई करू नका. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एक झडप मला तीन आठवडे वाईट वाटत होती, तिच्या मागच्या-पुढच्या दाबातला फरक (कमी असेल तितकं चांगलं) 18 मिमीच्या खाली येईना. शेवटी फूटपट्टी लावली. झडपेच्या पुढचा ट्रान्सड्यूसर मागच्यापेक्षा 10 सेंटिमीटर वर होता. तेवढ्या उंचीचा ग्लिसरीन-पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे 8 मिमी पारा! खरा फरक 10च होता. चांगली झडप मी नाकारणार होते, आणि ती कुणाच्या तरी छातीत जायची होती, हे आजही मनातून जात नाही. तेव्हापासून दोन्ही ट्रान्सड्यूसर एकाच पट्टीवर स्क्रूने घट्ट बसवते आणि रोज शून्य करून वहीत वेळ लिहिते.

त्यांच्या नळीत बुडबुडा राहिला तर आलेखाची शिखरं बोथट होतात, किंवा मुळात नसलेली थरथर दिसते. द्रव रात्रभर स्थिर ठेवा, सकाळी सिरिंजने हवा काढा.

झडपेच्या जागी आधी गोल भोकाची चकती बसवा. तिचा दाबफरक कागदावर काढता येतो. मोजलेला आकडा त्याच्याशी जुळेपर्यंत झडप डब्यातच राहू द्या.