बूस्टमध्ये मिश्रण पातळ होत होतं, दोष निघाला वायरचा

टर्बो इंजिन नव्याने बांधलं. ५००० आरपीएमपर्यंत सगळं छान, त्यापुढे पूर्ण थ्रॉटलवर एअर-फ्युएल रेशो (पेट्रोलच्या किती पट हवा; आकडा चढला की मिश्रण पातळ) ११.८ वरून थेट १३.२ वर चढायचा. लगेच पाय काढला. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो जादा हवा दाबत असताना, मिश्रण पातळ झालं की पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. मी आधी मॅपमध्ये (किती पेट्रोल सोडायचं ते सांगणारा इंजिनच्या कॉम्प्युटरमधला तक्ता) पेट्रोल वाढवलं. ही चूकच. इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहिला, पण मागे दाबच नसेल तर येणार काय?

मग फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज बसवला. बेस प्रेशर (बूस्ट नसतानाचा दाब) ३ बार; बूस्ट चढेल तितकाच हा दाबही चढायला हवा, म्हणजे १ बार बूस्टला ४ दिसायला हवेत. काटा ३.४ वर थरथरत होता. फिल्टर बदलला, फरक शून्य. शेवटी लोड असताना मल्टिमीटर लावला: बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट, फ्युएल पंपाच्या टर्मिनलवर १०.९! मूळची बारीक वायर मोठ्या पंपाचा करंट पेलत नव्हती. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं.

बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर ओढली, वेगळा रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकला, अर्थिंगची जागा घासून लख्ख केली. आता पंपाला १३.५ मिळतात. मॅपमध्ये वाढवलेलं पेट्रोल काढल्यावर रेशो रेडलाइनपर्यंत (इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत) ११.७ च्या आसपास राहतो.