पंख धूसर, गळा काळा, मागे अंधार: हमिंगबर्ड टिपताना या चुका टाळा

हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात. त्यामुळे आपल्याकडे शिंजीर टिपून हात बसलेला माणूस टेक्सास किंवा ॲरिझोनात पोहोचला की आधी तेच सेटिंग लावतो: भरपूर ऊन आणि शटर १/४०००. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मकरंद पितो, तिथे हे चालून जातं. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी थांबून पितो आणि लहान जातींचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. पंखाच्या टोकाचा वेग सेकंदाला १० मीटरच्या घरात जातो. म्हणजे १/४००० सेकंदातही टोक अडीच मिलिमीटर सरकतं, आणि जेमतेम चार सेंटिमीटरच्या पंखावर ते लगेच दिसतं.

इथे पंख थांबवतो तो फ्लॅशचा क्षणिक झोत, शटर नव्हे. पुढच्या बहुतेक चुका ही गोष्ट पुरती मनात न भिनल्यामुळेच होतात.

फ्लॅश फुल पॉवरवर ठेवणं

स्पीडलाइटची, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशची, पॉवर कमी केली की झोत मंद होत नाही, तो लवकर तोडला जातो. निकॉनच्या एसबी-९०० चं उदाहरण घ्या. फुल पॉवरला त्याचा झोत सुमारे १/८८० सेकंद टिकतो, १/१६ पॉवरला १/१०,००० आणि १/३२ ला १/२०,०००. आपल्याला हवे आहेत हे शेवटचे दोन आकडे. स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांकडून ही अपेक्षा ठेवू नका. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच दिव्यांमध्ये पॉवर उतरवली की झोत उलट लांबतो.

मग उजेड कमी पडतो आणि हात पुन्हा पॉवरच्या बटणाकडे जातो. तो आवरा आणि फ्लॅश पुढे सरकवा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. फुलापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर, स्टँडवर, असे चार ते सहा फ्लॅश लावा. पक्ष्यांना त्यांची लवकर सवय होते. स्टँड मात्र आदल्या दिवशीच उभे करून ठेवा.

हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरायची सोय, बंद ठेवा. त्यात फ्लॅश एका झटक्यात न उडता शटरचा पडदा सरकेपर्यंत बारीक स्पंदनं देत राहतो, आणि ज्यासाठी फ्लॅश आणला तेच हातचं जातं.

पंखाभोवती भुतासारखी छाया

हे बाहेरच्या उजेडाचं काम. अपर्चर एफ/१६, शटर १/२०० आणि आयएसओ २०० या आकड्यांवर आपला भरवसा असतो, पण भर उन्हातल्या योग्य एक्सपोजरचे आकडेही नेमके हेच आहेत. ऊन फुलावर पडत असेल तर एका फ्रेममध्ये दोन फोटो निघतात, एक फ्लॅशचा आणि एक उन्हाचा. दाट सावली शोधा, नाहीतर वर ताडपत्री बांधा. मग सगळे फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो काळाकुट्ट आला तरच पुढे जा.

मागचा अंधार आणि चुकीचा पडदा

बाहेरचा उजेड मारला की पार्श्वभूमीही मरते. पक्षी मध्यरात्री उडत असल्यासारखा दिसतो. म्हणून मागे छापील पडदा आणि त्याच्यासाठी वेगळा फ्लॅश लागतो. हा फ्लॅशही बाकीच्यांइतक्याच कमी पॉवरवर हवा. पडदा हलत नाही म्हणून लोक हा फ्लॅश फुल पॉवरवर ठेवतात आणि उजळ पडद्यासमोर पंखांच्या कडा पुसट होतात. कारण शोधण्यात मग अख्खी सकाळ जाते.

छपाई मॅट कागदावर करा. ग्लॉसी कागद आणि फ्लेक्स चमकतात. चित्र मुळातच धूसर असू द्या. पडदा पक्ष्यामागे अर्धा ते एक मीटर ठेवा. त्याहून जवळ आणला की पक्ष्याची सावली त्यावर पडते.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: निळ्या आकाशाचा पडदा घेऊ नका. बाजूने उजेड आणि मागे लख्ख आकाश, हे डोळ्याला लगेच खोटं वाटतं. पक्षी जिथला, तिथलेच रंग घ्या. कोस्टा रिकाच्या सावेग्रे खोऱ्यातल्या पक्ष्यामागे ओला गर्द हिरवा शोभतो. ॲरिझोनाच्या मदेरा कॅन्यनमध्ये ब्रॉड-बिल्ड जातीचा नर टिपायचा तर हिरव्यावर त्याचं हिरवं-निळं अंग हरवतं, तिथे वाळक्या गवताचा पिंगट रंग त्याला उठाव देतो.

चोचीशी न जुळणारं फूल

हे मला सर्वांत जास्त खटकतं. अँडीजमधल्या सोर्ड-बिल्ड हमिंगबर्डची चोच शेपूट सोडून बाकीच्या शरीराहून लांब असते, ती लांब नळीच्या कृष्णकमळांसाठी. सिकलबिल या दुसऱ्या हमिंगबर्डची चोच कोयत्यासारखी वाकलेली, तिला वाकड्या हेलिकोनियाची फुलंच हवीत. सिकलबिलसमोर सरळ नळीचं साल्व्हिया ठेवलंत तर लाखो वर्षांचं हे नातं फोटोत मोडतं. ॲरिझोनात पेनस्टेमन किंवा ओकोटिलो ही तिथलीच फुलं चालतील. सिरिंजने फुलात साखरपाणी सोडा: चार भाग पाण्याला एक भाग पांढरी साखर. रंग नको, मध तर अजिबात नको. त्यात बुरशी वाढते. उन्हाळ्यात पाणी रोज-दोन दिवसांनी बदला.

गळा काळा येणं

अ‍ॅनाज किंवा रुबी-थ्रोटेड या जातींच्या नराच्या गळ्याची झळाळी रंगद्रव्याची नसते. ती पिसांतल्या सूक्ष्म थरांवरून परावर्तित प्रकाशाची असते आणि ठरावीक कोनातूनच दिसते. सगळे फ्लॅश बाजूला असतील तर गळा कोळशासारखा येतो. एक फ्लॅश लेन्सला अगदी खेटून, किंचित वर लावा.

फोकस फुलासमोरच्या ठरलेल्या जागी आधीच लावून ठेवा. चौकट सैल ठेवा, पंख कापले जाणार नाहीत.

फोटो कुठे दिलात तर पडदा छापील होता हे लिहा. अनेक स्पर्धांच्या नियमांत ते बंधनकारक असतं, आणि नसलं तरी पाहणाऱ्याचा तो हक्क आहे.

पक्षी एकाच फुलावर यावेत म्हणून आपण आजूबाजूचे फीडर (साखरपाण्याची टांगती भांडी) काढून ठेवतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी ते सगळे परत टांगा. थंड रात्री हे पक्षी शरीराचं तापमान उतरवून निपचित होतात आणि त्याआधी त्यांना पोटभर खायचं असतं. त्या तासात फ्लॅशही बंद.