मुंबईत शर्यत धावताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या (२१.१ किलोमीटर) दिवशी मनगटावर एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. दर किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे साधारण २ तास २० मिनिटांत शर्यत पूर्ण. सोळा आठवड्यांच्या सरावाचा तक्ता मी मोबाइलवर उतरवून घेतला होता आणि एकही दिवस न चुकवता पाळला होता. माहीमच्या रेतीबंदरावरून निघालो, सी-लिंकवर चढलो. समोर अंधार, खाली पाणी, आजूबाजूला हजारो पावलांचा आवाज. पहिले पाच किलोमीटर मी अर्ध्या तासात संपवले. हाजीअलीला पोहोचेपर्यंत छाती धडधडत होती, टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता, आणि पेडर रोडचा चढ मी चालत चढले. वेळ लागला २ तास ४७ मिनिटं.

पाय दुखत नव्हते, तयारीही कमी नव्हती. चूक शोधायला मला पुढचे दोन हंगाम लागले. तो तक्ता थंड, कोरड्या हवेच्या कुठल्या तरी शहरासाठी लिहिलेला होता आणि मी धावत होते मुंबईत. डोंबिवलीहून येऊन नऊ वर्षं या शहरात आणि आसपास शर्यती धावते आहे. आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी नवीन माणसं येतात आणि जवळजवळ सगळ्यांच्या अडचणींचं मूळ हेच निघतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दमट हवेला हिशेबात न धरणं

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि ती जानेवारीत होते, साधारण तिसऱ्या रविवारी. जानेवारी म्हणजे थंडी असं आपण धरून चालतो. पहाटे अंगावर शहारा येतोही, पण समुद्राकाठची हवा तेव्हाही ओलसर असते. घाम येणं आणि घाम वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंग थंड होतं ते घाम वाळताना. हवेतच ओल भरलेली असेल तर घाम नुसता निथळतो, शरीर तापत राहतं, आणि मग हृदयाला दोन कामं करावी लागतात: पायांना रक्त पुरवायचं आणि उष्णता बाहेर टाकायला कातडीकडेही रक्त ढकलायचं. वेग तोच असला तरी ठोके वाढतात. तुम्हाला वाटतं, आज दमसास कमी पडला. खरं तर शरीर दुप्पट राबत असतं.

उपाय सोपा आहे, पण मनाला जड जातो. वेग कमी करा, आणि पहिल्यापासून कमी करा. मी पहिले पाच किलोमीटर माझ्या ठरलेल्या वेगापेक्षा दर किलोमीटरला वीस-पंचवीस सेकंद हळू धावते. त्या वेळी बाजूने माणसं सपासप पुढे जातात, जाऊ द्यावीत. घड्याळापेक्षा मला एका चाचणीवर जास्त भरवसा आहे: धावता धावता घरचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, एका दमात म्हणून बघायचा. इमारतीच्या नावानंतरच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये पत्ता सहज म्हणता यायलाच हवा.

फुल मॅरेथॉनवाल्यांना (४२.२ किलोमीटर) अजून एक गोष्ट धरावी लागते. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. अडीच तासांत हाफ संपवणारा उन्हाच्या आधीच सुटतो. पाच तास लागणाऱ्याच्या वाट्याला मात्र शेवटचे दोन-अडीच तास ऊन येतं, आणि तेही नेमकं चढाच्या वेळी.

पाणी भरपूर, मीठ शून्य

ही चूक काळजीपोटी होते, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, पाणी पी, पाणी पी. एका शर्यतीत मी दिसेल त्या टेबलावर थांबून साधं पाणी प्यायले. पंधराव्या किलोमीटरला बोटं सुजली, अंगठी फिरेना, डोकं जड झालं आणि पोटात ढवळायला लागलं. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी प्यायले. मदतकेंद्रावरच्या डॉक्टरबाईंनी आधी माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकेदुखी ही त्याची सुरुवातीची लक्षणं. पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा उलट्या होऊ लागल्या तर ते जिवावर बेतू शकतं. अशा वेळी त्याला पाणी पाजत बसू नका, तडक वैद्यकीय मदत बोलवा.

तहान लागेल तेवढंच प्या. एका टेबलावर पाणी, पुढच्यावर मीठ-साखर असलेलं काहीतरी. ओआरएस नेत असाल तर पाकिटावरचं प्रमाण पाळा. मोठं, २१ ग्रॅमच्या आसपासचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ढवळून न्यायचा आणि दर वेळी अकराव्या-बाराव्या किलोमीटरला पोट धरून बसायचा. इतकं घट्ट पाणी पोटात पचत नाही. त्याने एवढी एक गोष्ट बदलली आणि त्रास थांबला. सरावाच्या दिवसांत मी घरी कोकम सरबत करते, मीठ आणि साखर दोन्ही घालून. ते तितकंच लागू पडतं. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर मिठाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आपला घाम किती जातो हे मोजता येतं. एखाद्या रविवारी तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. मध्ये काही प्यायला नसाल तर एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत, दोन्ही वेळा मोजा. आकड्यातला फरक बघून तुमचा तुम्हालाच अंदाज येईल.

आणि एक कळकळीची विनंती. गुडघा दुखतोय म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय जे दुखणं तुम्हाला थांबवायला सांगत असतं तेच मुकं होतं.

शर्यत शनिवारी हरणं

मोठ्या शर्यतींत बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबरचा कागद, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी एक्स्पोला, म्हणजे आयोजकांच्या प्रदर्शनाला, जाऊन घ्यावा लागतो. बहुतेक नोकरदार शनिवारी दुपारी जातात. मग प्रवास, रांग, स्टॉलवर फिरणं, फोटो, असे चार-पाच तास पायांवर जातात. जमलं तर एक दिवस अर्धी रजा टाका आणि गुरुवार-शुक्रवारीच उरकून घ्या. तिथे मिळालेली फुकटची एनर्जी जेल दुसऱ्या दिवशी खिशात टाकू नका. जे सरावात पोटात गेलेलं नाही ते शर्यतीत नको. शनिवारी रात्री वरणभात, तूप, फार तर बटाट्याची भाजी. उसळ, मिसळ, कोशिंबीर, पनीरची भाजी सोमवारनंतर.

बिब हातात आला की मागच्या बाजूला घरच्यांचा नंबर, रक्तगट आणि आजार असेल तर तो लिहा. बरेच जण ते कोरंच ठेवतात. स्वतःला जायला जमत नाही म्हणून आपला बिब मित्राला देणं ही तर गंभीर चूक आहे. तो वाटेत कोसळला तर डॉक्टरांच्या हातात तुमची माहिती असेल आणि फोन तुमच्या घरी जाईल.

आम्हा डोंबिवली-कल्याणकडच्या माणसांची खरी परीक्षा प्रवासाची. पाचच्या सुमारास माहीमला उभं राहायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची, माहीम स्टेशनहून चालत जायचं, सामान जमा करायचं आणि शौचालयाच्या रांगेतही उभं राहायचं. मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी रेल्वे पहाटे जादा लोकल सोडते. त्यांच्या वेळा आधी जाहीर होतात, त्या बघून ठेवा आणि शेवटच्या क्षणाची गाडी पकडू नका. दोनला उठायचं तर शनिवारी झोप लागत नाहीच, सगळ्यांचं तसंच होतं. म्हणून शुक्रवारची रात्र भरपूर झोपा. मी घरून निघताना दोन केळी आणि पीनट बटर लावलेली पोळी खाते, शर्यतीच्या साधारण दोन तास आधी.

कपडे, चपला-बूट आणि कातडी

सुती टी-शर्ट घाम धरून ठेवतो, जड होतो आणि घासतो. मांड्यांमध्ये, काखेत, बायकांना स्पोर्ट्‌स ब्राच्या खालच्या पट्ट्याखाली, पुरुषांना छातीवर सालटं निघतात. धावताना कळत नाही, घरी आंघोळीचं पाणी पडलं की डोळ्यांत पाणी येतं. निघण्याआधी या सगळ्या जागी पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावा. खोबरेल तेल घामात तासाभरात वाहून जातं, जेली टिकते. नवा बूट, नवा मोजा, नवी ब्रा यांचा मुहूर्त शर्यतीच्या दिवशी करू नका. बूट किमान दहा-बारा वेळा पायात जाऊन यावा. नखं तीन-चार दिवस आधी कापा, बूट रोजच्या मापापेक्षा अर्ध्या नंबरने मोठा घ्या. लांब अंतरात पाऊल फुगतं आणि पुढे सरकतं, नखं काळी पडतात ती त्यामुळेच.

एकाच कडेने धावणं

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुईसारखी कळ येते आणि थांबलं की जाते, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारते, सराव कुठे करतोस? आपला रस्ता मधोमध उंच आणि गटाराकडे उतरता असतो. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय सतत खाली पडतो, कंबर तिरकी होते आणि ताण मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड पट्ट्यावर येतो. शिवाजी पार्कला कट्ट्याभोवती रोज एकाच दिशेने फेऱ्या मारणाऱ्यांचंही थोडं तसंच होतं. एक दिवसाआड दिशा बदला. कडेने धावणं भाग असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा. पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ शक्यतो टाळा. एखादा ब्लॉक हलका झालेला असतो आणि अंधारात घोटा मुरगळायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात, म्हणजे ठाण्याच्या ऑगस्टमधल्या वर्षा मॅरेथॉनच्या तयारीत, साचलेल्या पाण्यात कधीच पाय टाकू नका. खाली खड्डा आहे की उघडं झाकण, ते वरून दिसत नाही.

चढाची तयारी सपाटीवर

मरीन ड्राइव्ह धावायला सुरेख आहे, पण सपाट आहे. तिथे वर्षभर सराव केलेल्या माणसाला पेडर रोड, म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, गाठतो तो निम्मं अंतर संपल्यावर. फुलवाल्यांना तर परतीला, तीसहून जास्त किलोमीटर पायांत असताना. चढ अवाढव्य नाही, फक्त नको त्या जागी आहे. आठवड्यातून एकदा चढावर धावा: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडे जाणारा रस्ता, आरे कॉलनीतले चढउतार, ठाणेकरांना उपवनहून वर जाणारा येऊरचा रस्ता. चढताना पावलं आखूड करा, नजर दहा-बारा फुटांवर ठेवा, हात जरा जोरात हलवा. चढावर गेलेला वेळ केम्प्स कॉर्नरच्या उतारावर धपाधप उड्या मारत भरून काढू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूंची वाट तिथेच लागते आणि मरीन ड्राइव्हवर गोळे येतात.

त्या चढावर एक गोष्ट मात्र सोडू नका. आजूबाजूच्या इमारतींमधली माणसं खाली उतरून संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ लावलेली काकडी घेऊन उभी असतात. मी तिथे थांबून एक फोड घेते, समोरच्या आजींना थँक्यू म्हणते आणि मग पुढे निघते. दहा सेकंद जातात.

थांबायचं तेव्हा न थांबणं

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम बंद होऊन अंगावर काटा येणं: यातलं काहीही झालं तर त्याच जागी थांबा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. आदल्या दिवशी ताप असेल तर जाऊच नका. तापात धावल्याने हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. चाळिशी ओलांडली असेल तर नावनोंदणीच्या आधीच डॉक्टरांना भेटून या. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या नसांमधला अडथळा अशाच तपासणीत सापडला. आज ते आमच्याबरोबर दहा किलोमीटर धावतात.

रेषा ओलांडल्यावर

मेडल मिळालं की लोक फुटपाथवर बसकण मारतात. एकदम थांबलं की पायांतलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि चक्कर येते. दहा मिनिटं चालत राहा, मग ताक किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासात पोटभर खा. ओला टी-शर्ट बदला. सामानात कोरडा शर्ट आणि सपाता ठेवलेल्या असाव्यात.

परतीची गाडी शक्यतो साडेदहाच्या आत पकडा, रविवारी त्यानंतर बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कमी किंवा बंद. बसायला जागा मिळाली तरी मुलुंड गेलं की एकदा उभं राहा, नाहीतर डोंबिवलीला उठताना पोटरीत गोळा येतो. पुलाचा जिना उतरताना कठडा धरा आणि घाईत असलेल्यांना पुढे जाऊ द्या.