सपोर्टेड हाउसिंगचा क्लेम उघडण्याआधी

इंग्लंडात काउन्सिलच्या बेनिफिट टीममध्ये नवीन लागलेल्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. सपोर्टेड हाउसिंग म्हणजे राहायची जागा आणि सोबत रोजच्या जगण्यात मदत (सपोर्ट). आधी बघा की क्लेम खरंच आपल्याकडचा आहे का, कारण कामाच्या वयातल्या माणसाचं भाडं हल्ली शक्यतो युनिव्हर्सल क्रेडिटमधून (केंद्र सरकारचा एकत्रित भत्ता) जातं, पण स्पेसिफाइड अकोमोडेशन (नियमात ठरवून दिलेल्या प्रकारची सपोर्टेड जागा) असेल तर खर्चाचे पैसे युनिव्हर्सल क्रेडिटमधून आणि भाडं हाउसिंग बेनिफिटमधून (काउन्सिल देतं ती भाड्याची मदत), म्हणून अर्जदाराने दोन्हीकडे अर्ज केलाय ना तेही विचारून घ्या. मग लँडलॉर्ड कोण ते. हाउसिंग असोसिएशन, रजिस्टर्ड चॅरिटी, ना नफा तत्त्वावरची संस्था वगैरे असेल तरच एक्झेम्प्टचा, म्हणजे भाड्याच्या नेहमीच्या मर्यादांतून सूट असलेल्या जागेचा, विचार, त्यामुळे टेनन्सीवर नाव कोणाचं, मूळ मालकाशी लीज कोणाची आणि संस्थेची घटना काय म्हणते हे कागद समोर हवेतच. मालक खासगी, मधे नावापुरती संस्था, असं असलं तर पैसा शेवटी कुठे जातो ते शोधा.

खरा वेळ सपोर्टवर घालवा. सपोर्ट लँडलॉर्डने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने द्यायला हवा, काउन्सिलच्या सोशल केअरने थेट दिलेला इथे धरत नाहीत, आणि तो नाममात्र नको. माहितीपत्रक गोडच असतं, ते बाजूला ठेवा आणि याच अर्जदाराचा सपोर्ट प्लॅन आणि नोंदी मागवा. रोज तीच ओळ, 'वेलफेअर चेक केला, ठीक आहे', खाली सहीसुद्धा तीच, असं दिसलं की फोन उचला आणि भाडेकरूलाच विचारा, तुमच्याकडे कोण येतं, काय मदत करतं. तो म्हणाला डॉक्टरकडे सोबत आले, बिलं लावून दिली, तर ते लिहून ठेवा, अशा उत्तरावरच निर्णय उभा राहतो.

भाड्याची फोड मागा, एकच आकडा चालवून घेऊ नका. जिना-पॅसेजची साफसफाई आणि तिथली वीज चालते, स्वतःच्या खोलीचं हीटिंग, जेवण, सपोर्ट वर्करचा पगार चालत नाही. भाडं फारच जास्त वाटलं तरी लगेच कात्री लावायची नाही, तुलनेला तसाच सपोर्ट असलेली जागा लागते, आणि माणूस वयस्कर, आजारपणामुळे काम न करू शकणारा किंवा मुलंबाळं असलेला असेल तर स्वस्त जागा खरोखर मिळतेय आणि तिथे जाणं रास्त आहे हे आपल्यालाच दाखवावं लागतं.

सबसिडीचं, म्हणजे हाउसिंग बेनिफिटसाठी सरकार काउन्सिलला जे पैसे देतं त्याचं, वरिष्ठ सांगतीलच, लँडलॉर्ड रजिस्टर्ड हाउसिंग असोसिएशन नसेल तर रेंट ऑफिसरने (रास्त भाडं ठरवणारा सरकारी अधिकारी) ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्तीच्या रकमेचे सरकारकडून कधी ६० टक्के मिळतात, कधी काहीच नाही, बाकी काउन्सिलच्या खिशातून, पण म्हणून क्लेम नाकारता येत नाही हं.